यंत्रमानव, खेळण्यातील

विद्युत् घटमालेवर चालणाऱ्या चलित्रांच्या म्हणजेच मोटरींच्या साहाय्याने चाकांवर फिरणारे आणि भोवतालचा प्रकाश, स्पर्श इत्यादींतील बदलांना स्वतःहून प्रतिसाद देणारे लहान यंत्र. चावीच्या अथवा घटावर चालणाऱ्या साध्या मोटारगाडीपासून ते एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळे असते. मोटारगाडी एकदा सोडली की भिंतीला आपटेपर्यंत एकाच तऱ्हेने धावते. यंत्रमानवात मात्र बाहेरून मिळणारी माहिती चलित्राच्या विद्युत् प्रवाहात बदल घडविते, त्यामुळे यंत्राची जागा व दिशा बदलते आणि जागा बदलल्यामुळे त्याला मिळणारी माहितीही बदलते. हे वर्तुळ पूर्ण होणे हे यंत्रमानवाचे मुख्य लक्षण होय. त्याचा आकार माणसासारखा असण्याची आवश्यकता नसते. हातपाय हलविणारी पत्र्याची बाहुली दिसावयास माणसासारखी असली, तरी या अर्थाने यंत्रमानव ठरत नाही. उलट, प्रकाशाच्या दिशेने वळणारी तीन चाकांची पाटी यंत्रमानव ठरते.

यंत्रमानवाला इंग्रजीत व इतर अनेक भाषांत रूढ असलेला ‘रोबॉट’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या आर. यू. आर. या नाटकामुळे प्रचारात आला. हे नाटक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले व १९२१ मध्ये प्राग येथे रंगभूमीवर आले. हा शब्द चापेक यांना त्यांचे बंधू योसेफ यांनी सुचविला होता. त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ वेठबिगार असा आहे.

खेळण्यातील यंत्रमानव बांधण्यास अवघड नसतो. थोडेफार डाखकाम येणाऱ्या व्यक्तीला तो एका दिवसात बांधता येतो. त्याचे वर्तन पाहून आतील रचनेविषयी बरोबर अनुमान करणे मात्र अवघड असते. बांधणाऱ्याला जेथे दोन तारा दिसतात, तेथे पाहणाऱ्याला भीती, राग वा जिज्ञासा दिसते. या दोन दृष्टींतील अंतर हा या विषयाचा सर्वांत बोधप्रद भाग आहे.

इतिहास : या प्रकारची पहिली महत्त्वाची यंत्रे विल्यम ग्रे वॉल्टर (१९१०–७७) यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या संस्थेत १९४८-४९ मध्ये बांधली. वॉल्टर हे मेंदूतील विद्युत् तरंगांचा अभ्यास करणारे शरीरक्रियावैज्ञानिक होते. मेंदूतील कोट्यवधी कोशिकांऐवजी केवळ दोन कोशिकांच्या तोडीचे मंडल वापरले, तर किती गुंतागुंतीचे वर्तन निर्माण होते, हे त्यांना पाहावयाचे होते. त्यांच्या यंत्रांत दोन निर्वात नलिका, एक प्रकाशविद्युत् घट, एक स्पर्श-संपर्क आणि दोन चलित्रे होती. त्यांपैकी एक चलित्र पुढचे चाक फिरवी, तर दुसरे त्याच चाकाची दिशा बदली. प्रकाशविद्युत् घट दिशा बदलणाऱ्या दांड्यावरच बसविलेला असल्यामुळे चाक ज्या बाजूला वळे त्याच बाजूला त्याची ‘नजर’ असे. यंत्रावर कवच असल्यामुळे त्यांना कासवे म्हणू लागले. पहिल्या दोघांची नावे एल्मर व एल्सी अशी होती.

ही कासवे मध्यम प्रकाशाकडे जात व अतितीव्र प्रकाशापासून दूर वळत. कवच कशाला लागले, तर ढकलत व वळत अडथळ्यातून बाहेर पडत. घटमाला क्षीण झाली म्हणजे तीव्र प्रकाशापासून दूर जाण्याची प्रवृत्ती कमी व्हावी आणि कासवाने दिवा लावलेल्या खुराड्यात शिरून घटमाला पुन्हा विद्युत् भारित करून घ्यावी, अशी योजना वॉल्टर यांनी केली होती. या संशोधनावरील त्यांचा पहिला लोकप्रिय लेख सायंटिफिक अमेरिकन या मासिकात १९५० मध्ये प्रसिद्ध झाला व लंडन येथे १९५१ मध्ये भरलेल्या ब्रिटन महोत्सवात कासवे लोकांना पाहावयास मिळाली.

अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये सीमोर पॅपर्ट व त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या सुमारास जमिनीवर फिरणाऱ्या निराळ्या ‘कासवा’चा उपयोग मुलांना भूमिती व संगणकाला आज्ञा देणे शिकविण्यासाठी केला. हे कासव लोगो या १९६७ मध्ये तयार झालेल्या संगणकीय भाषेतील आज्ञांनुसार चाले. पॅपर्ट यांच्या १९८० मधील ग्रंथाच्या नावावरून लेगो या डेन्मार्कमधील खेळण्यांच्या कंपनीने १९९८ मध्ये विक्रीस आणलेल्या यंत्रमानवसंचाला माइंडस्टॉर्म्स हे नाव देण्यात आले. या मालिकेतील संचांचे उत्पादन २०२२ च्या अखेरीस थांबविण्यात आले. दरम्यान व्हालेंटिनो ब्राइटेनबेर्ख (१९२६–२०११) या मेंदूवैज्ञानिकांनी १९८४ मध्ये व्हेइकल्स हा लहानसा ग्रंथ लिहून दोन संवेदक व दोन चलित्रे असलेल्या काल्पनिक गाड्यांचे वर्तन विशद केले. पुढे वर्णन केलेला यंत्रमानव याच प्रकारचा आहे.

बैठक व चाके : बैठकीसाठी सु. १५ सेंमी. लांब, १० सेंमी. रुंद व ३ ते ४ मिमी. जाड प्लायवुडचा तुकडा पुरेसा होतो. त्याच्या मागील भागात दोन्ही बाजूंस एकेक चालक चाक व पुढे मध्यभागी कोणत्याही दिशेने फिरू शकणारे लहान आधारचाक बसवितात. आधारचाकाऐवजी टेबलटेनिसच्या चेंडूचा अर्धा भाग उपडा चिकटविला तरी गुळगुळीत फरशीवर काम भागते. तीन बिंदू नेहमी एकाच प्रतलात असल्यामुळे तीन टेकू असलेले यंत्र खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही. चौथा टेकू दिल्यास उंचसखल जागी एखादे चालक चाक अधांतरी राहण्याचा संभव असतो.

चालक चाकांवर पुरेसा भार असल्याशिवाय त्यांची पकड राहत नाही. चालक आस व आधारचाक यांतील अंतर ९ सेंमी. असून गुरुत्वमध्य आसाच्या पुढे ३ सेंमी.वर असेल, तर एकूण वजनाचा एकतृतीयांश भाग आधारचाकावर व उरलेला दोनतृतीयांश भाग चालक चाकांवर पडतो. ही वाटणी सोयीची असते. घटमाला हा यंत्रातील सर्वांत जड भाग असल्यामुळे तिची जागा पुढेमागे सरकवून हा समतोल साधतात.

चलित्र व दंतचक्रे : खेळण्यांत वापरले जाणारे लहान चलित्र एकदिश विद्युत् प्रवाहावर चालते. त्याच्या कवचात दोन वक्राकार चुंबक असतात व त्यांच्यामध्ये तारेची वेटोळी गुंडाळलेला फिरता भाग असतो. प्रवाह वाहणाऱ्या तारेवर चुंबकीय क्षेत्रात प्रेरणा निर्माण होते व फिरता भाग वळतो. तो ठराविक कोनातून फिरल्यावर दिक्परिवर्तक वेटोळ्यांतील प्रवाहाची दिशा बदलतो, त्यामुळे परिभ्रमण एकाच दिशेने चालू राहते. अग्रांची अदलाबदल केली की चलित्र उलट फिरते [⟶ विद्युत् चलित्र].

असे चलित्र अतिशय वेगाने फिरते, पण त्याचे परिबल फार थोडे असते. मिनिटास ९,००० फेरे करणाऱ्या चलित्राच्या दांड्यावर ६·५ सेंमी. व्यासाचे चाक थेट बसविले, तर चाकाचा परिघ सु. २०·४ सेंमी. असल्याने यंत्राचा वेग कागदावर सेकंदास सु. ३० मी., म्हणजे ताशी सु. ११० किमी. येतो. प्रत्यक्षात यंत्र जागचे हलत नाही. चाकाचा परिघ ढकलण्याइतके परिबल चलित्रापाशी नसते व ते गुणगुणत तापत राहते. म्हणून मध्ये दंतचक्रमाला घालतात. वेग ४८ पटींनी कमी करणारी माला घेतल्यास चाक मिनिटास सु. १८७ फेरे करते व बिनभाराचा वेग सेकंदास सु. ६४ सेंमी. येतो. घर्षणातील हानी वजा जाता परिबल त्याच प्रमाणात वाढते. दंतचक्रे शक्ती निर्माण करीत नाहीत. ती वेगाच्या मोबदल्यात परिबल मिळवून देतात. पिवळ्या प्लॅस्टिकच्या पेटीत दंतचक्रमालेसह मिळणारे चलित्र भारतातील बाजारात बीओ मोटर या नावाने ओळखले जाते व ते या कामास योग्य असते.

यंत्राला किती परिबल लागेल याचा अंदाज सोप्या गणिताने करता येतो. यंत्राचे वस्तुमान ५०० ग्रॅ. असेल, तर त्याचे वजन सु. ४·९ न्यूटन होते. १० अंशांच्या चढावर त्याला मागे ओढणारा वजनाचा घटक सु. ०·८५ न्यूटन भरतो. लोटन घर्षणासाठी ०·२ न्यूटन धरल्यास चाकांना एकूण सु. १·०५ न्यूटन प्रेरणा द्यावी लागते. चाकाची त्रिज्या ३·२५ सेंमी. असल्याने दोन्ही चाकांना मिळून सु. ०·०३४ न्यूटन-मीटर, म्हणजे प्रत्येक चाकाला ०·०१७ न्यूटन-मीटर परिबल पुरते. सपाट जमिनीवर याच्या एकपंचमांश परिबल पुरेसे होते. यावरून चढ व सतरंजीची कड यांसारखे किरकोळ अडथळेच यंत्राची खरी परीक्षा पाहतात, हे लक्षात येते.

फिरत्या चलित्रात पुरवठ्याला विरोध करणारी विद्युत् चालक प्रेरणाही निर्माण होते व ती वेगाबरोबर वाढते. त्यामुळे मोकळ्या चलित्रातून थोडा प्रवाह वाहतो, भार वाढून वेग मंदावला की प्रवाह वाढतो आणि चाक पूर्ण अडल्यास तो कित्येक पटींनी वाढतो. भिंतीला टेकून धडपडणारे यंत्र सर्वांत जास्त वीज खाते, ते यामुळेच.

शक्तिपुरवठा : पेन्सिल सेल या नावाने परिचित असलेले १·५ व्होल्टचे चार घट एकसरीत जोडून ६ व्होल्ट दाब मिळवितात. पुन्हा विद्युत् भारित करता येणारे निकेल-धातू हायड्राइड घट वापरल्यास प्रत्येकी १·२ व्होल्टप्रमाणे ४·८ व्होल्ट दाब मिळतो व तोही चालतो. चलित्र सुरू होताना वा अडल्यावर प्रवाह वाढून घटांचा दाब क्षणभर उतरतो. ९ व्होल्टचा लहान चौकोनी घट या कामी निरुपयोगी ठरतो, कारण त्याचा अंतर्गत रोध जास्त असून इतका प्रवाह तो फार वेळ पुरवू शकत नाही. लिथियम घट हलके व शक्तिमान असले, तरी अग्रे एकमेकांस टेकल्यास पेट घेण्याचा धोका असल्यामुळे ते नवशिक्यांनी वापरू नयेत.

वळण्याची क्रिया : या यंत्रमानवाला सुकाणू-चाक नसते. दोन चालक चाकांच्या वेगांतील फरकामुळे तो वळतो. दोन्ही चाके समान वेगाने पुढे फिरली, तर तो सरळ जातो. उजवे चाक जलद फिरले, तर डावीकडे वळतो. एक चाक थांबले, तर थांबलेल्या चाकाभोवती फिरतो. दोन्ही चाके समान वेगाने उलटसुलट दिशांना फिरली, तर जागच्या जागी गिरकी घेतो. वळणाची त्रिज्या काढण्यासाठी दोन्ही वेगांच्या बेरजेला त्यांच्या फरकाने भागतात व येणाऱ्या संख्येस चाकांमधील अंतराच्या निम्म्याने गुणतात. चाकांत १२ सेंमी. अंतर असून डाव्याचा वेग सेकंदास २० सेंमी. व उजव्याचा २५ सेंमी. असेल, तर बेरीज ४५, फरक ५, भागाकार ९ व त्रिज्या ५४ सेंमी. येते. असे यंत्र सु. १५ सेकंदांत एक वर्तुळ पुरे करते.

याच गणितावरून साधे यंत्र सरळ का जात नाही, हेही समजते. दोन चाकांच्या वेगांत केवळ एक टक्का फरक असला, उदा., २० व २०·२ सेंमी., तर वळणाची त्रिज्या सु. १२ मी. होते व २ मी. अंतर चालल्यावर यंत्र मूळ रेषेपासून सु. १७ सेंमी. बाजूला गेलेले असते. एकाच कारखान्यात तयार झालेल्या दोन चलित्रांतही एवढा फरक सहज असतो. तेव्हा केवळ काळजीपूर्वक बांधणीने सरळ चाल साधत नाही. त्यासाठी चूक ओळखून ती सुधारणारा संवेदक लागतो. ज्याला दिवा दिसतो असे यंत्र वाकडेतिकडे जात असले, तरी दिव्यापर्यंत पोहोचते; कारण प्रत्येक चुकीमुळे दोन डोळ्यांवरील प्रकाशात फरक पडतो व तोच फरक चूक दुरुस्त करतो.

संवेदक व मंडल : यंत्राचे डोळे म्हणून दोन प्रकाशरोधक वापरतात. ते बाजारात एलडीआर या नावाने मिळतात. कॅडमियम सल्फाइडाचा नागमोडी पट्टा असलेल्या या चकतीचा विद्युत् रोध अंधारात शेकडो किलोओहम वा त्याहून जास्त असतो व विजेरीच्या झोतात तो एखाद्या किलोओहमपर्यंत उतरतो. प्रत्येक प्रकाशरोधक काळ्या कागदाच्या २ सेंमी. लांबीच्या नळीत बसवून यंत्राच्या पुढील भागात एक डावीकडे व एक उजवीकडे सु. ४० अंश तिरपा लावतात. नळ्या नसल्यास दोन्ही डोळ्यांना सारखाच उजेड मिळतो व दिशा कळत नाही.

प्रकाशरोधकातून वाहणारा प्रवाह चलित्र फिरविण्यास फार अपुरा असतो. त्यामुळे मध्ये विवर्धक म्हणून ट्रँझिस्टर लागतो. टीआयपी १२२ सारख्या डार्लिंग्टन ट्रँझिस्टरात आधार अग्राला मिळणारा प्रवाह सु. हजार पटींनी वाढविला जातो. चलित्राचे एक टोक घटमालेच्या धन अग्राला व दुसरे ट्रँझिस्टराच्या संकलकाला जोडतात. उत्सर्जक ऋण अग्राला जोडतात. धन अग्रापासून १ किलोओहमचा रोधक व त्याच्या एकसरीत प्रकाशरोधक आधार अग्राकडे नेतात. आधार व ऋण अग्र यांमध्ये १० किलोओहमचा बदलता रोधक जोडतात. आधारावरील दाब सु. १·३ व्होल्टपर्यंत चढल्यावर ट्रँझिस्टर वाहू लागतो. ६ व्होल्ट दाब व बदलता रोधक पूर्ण असताना प्रकाशरोधकाचा रोध सु. ३५ किलोओहमखाली आला की हे घडते. नंतर प्रकाश वाढेल तसा चलित्राचा वेग वाढतो व लवकरच महत्तम होतो. बदलता रोधक कमी केल्यास यंत्राला हलविण्यासाठी अधिक प्रकाश लागतो. खोलीतील नेहमीच्या उजेडात यंत्र जेमतेम थांबून राहील, अशा बेताने तो लावतात.

चलित्राच्या अग्रांना समांतर एक डायोड उलट्या दिशेने जोडणे आवश्यक असते. प्रवाह एकाएकी तुटला की वेटोळ्यांत उच्च दाब निर्माण होतो व डायोड नसल्यास ट्रँझिस्टर निकामी होऊ शकतो. अग्रांवर ०·१ मायक्रोफॅराडचे धारित्र डाखले, तर दिक्परिवर्तकावर उडणाऱ्या ठिणग्यांचा उपद्रवही कमी होतो. दोन डोळ्यांसाठी अशी दोन स्वतंत्र व सारखी मंडले लागतात.

चार जोडण्या व चार स्वभाव : आता फक्त कोणता डोळा कोणत्या चलित्राला जोडावयाचा एवढाच प्रश्न उरतो आणि यंत्राचा सर्व ‘स्वभाव’ त्यावरच अवलंबून असतो.

(१) डावा डोळा डाव्या व उजवा डोळा उजव्या चलित्राला जोडल्यास, डावीकडे दिवा असताना डावे चाक जलद फिरते व यंत्र उजवीकडे, म्हणजे दिव्यापासून दूर वळते. अंधारात गेल्यावर ते मंदावून थांबते. पाहणाऱ्याला ते भित्रे वाटते. (२) जोडणी उलटसुलट केल्यास, म्हणजे डावा डोळा उजव्या व उजवा डोळा डाव्या चलित्राला जोडल्यास, यंत्र दिव्याकडे वळते व जवळ जाता जाता वेग वाढवून त्याच्यावर आदळते. ते आक्रमक वाटते. (३) प्रकाशरोधक व बदलता रोधक यांच्या जागांची अदलाबदल केली, तर प्रकाशामुळे चलित्र जलद होण्याऐवजी मंद होते. या वेळी १०० किलोओहमचा बदलता रोधक घ्यावा लागतो. अशा मंडलात डोळा त्याच बाजूच्या चलित्राला जोडल्यास यंत्र दिव्याकडे वळते, पण जवळ जाताना मंदावते व त्याच्याकडे तोंड करून थांबते. जणू त्याला दिव्याचा लळा लागला आहे, असे वाटते. (४) याच मंडलात जोडणी उलटसुलट केल्यास ते दिव्याजवळ रेंगाळते व मग पाठ फिरवून दुसरीकडे निघून जाते. ते चौकस भासते.

या चारही यंत्रांतील सामग्री सारखीच असते. दोन तारांची टोके बदलणे आणि दोन सुट्या भागांच्या जागा बदलणे एवढ्यानेच भित्रेपणा, आक्रमकता, जिव्हाळा व चौकसपणा यांचा आभास निर्माण होतो.

जुळणी व दोषशोधन : सर्व भाग एकदम जोडून मग कळ दाबण्याची पद्धत चुकीची असते. प्रथम घटमालेने प्रत्येक चलित्र थेट फिरवून पाहतात. दोन चलित्रे समोरासमोर बसविलेली असल्याने त्यांना सारख्याच रीतीने तारा जोडल्यास एक चाक पुढे व दुसरे मागे फिरते. अशा वेळी एका चलित्राची अग्रे बदलतात. नंतर एकच मंडल पूर्ण करून त्याच्या डोळ्यावर विजेरी धरतात. ते नीट चालल्यावरच दुसरे मंडल हाती घेतात. चाके जमिनीला टेकविण्यापूर्वी बैठक पुस्तकांवर ठेवून पाहिल्यास यंत्र टेबलावरून पडण्याचा धोका टळतो.

प्रत्येक दोष शोधताना आधी त्याच्या कारणाविषयी भाकीत करावे व मग ते तपासावे. उदा., दिव्याकडे जाणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या यंत्राचा डावा डोळा काळ्या पट्टीने झाकला, तर उजवे चलित्र थांबेल व यंत्र उजव्या चाकाभोवती उजवीकडे फिरत राहील, असे जोडणीवरून सांगता येते. यंत्र अकारण तसे फिरत असेल, तर डावा डोळा, त्याचे मंडल व उजवे चलित्र या साखळीतच दोष असला पाहिजे. या तिन्हींपैकी कोठे, हे ठरविण्यासाठी दोन्ही डोळ्यांची अदलाबदल करतात. दोष डोळ्याबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर डोळा खराब असतो; जागच्या जागी राहिला, तर डोळा निर्दोष असतो. चाके फिरतात पण यंत्र सरकत नाही, तेव्हा चालक चाकांवरील भार कमी असतो किंवा रबरावर धूळ बसलेली असते. चलित्र गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा घट उतरलेले असतात किंवा दंतचक्रात काही अडकलेले असते.

वर्तनाचा अर्थ : वॉल्टर यांच्या कासवावर एक लहान दिवा होता. दिशा बदलणारे चलित्र चालू असताना तो पेटे व प्रकाश दिसून ते चलित्र थांबले की विझे. कासव आरशासमोर आले म्हणजे त्याला स्वतःच्याच दिव्याचे प्रतिबिंब दिसे. त्यामुळे चलित्र थांबे व दिवा विझे. प्रकाश नाहीसा झाल्याने चलित्र पुन्हा सुरू होई व दिवा पुन्हा पेटे. परिणामी कासव आरशापुढे लुकलुकत, थरथरत नाचल्यासारखे करी. हेच वर्तन एखाद्या प्राण्यात दिसले असते, तर ते काही प्रमाणात आत्मभानाचा पुरावा म्हणून मान्य झाले असते, असे वॉल्टर यांनी म्हटले आहे. वास्तविक कासवाला आरशाची अथवा स्वतःची कसलीही कल्पना नव्हती; एका दिव्याने स्वतःच्याच मंडलाला फेऱ्यात अडकविले होते.

असाच प्रयोग दोन दिव्यांनी करता येतो. दुसऱ्या प्रकारचे यंत्र दोन सारख्या दिव्यांपासून समान अंतरावर ठेवल्यास ते प्रथम दोहोंच्या मधून पुढे येते, थोडे डुलते व मग बहुधा एकाकडे झेपावते. आपल्याला ते ‘विचार करून निवड करीत आहे’ असे वाटते. पण यंत्रात निवड करणारा कोणताही भाग नसतो. चलित्रांतील अल्पसा फरक किंवा फरशीचा उतार त्याला एका बाजूला वळवितो. त्या बाजूच्या डोळ्यावर प्रकाश वाढतो व वळण आणखी वाढते.

ब्राइटेनबेर्ख यांनी यावरून काढलेला निष्कर्ष असा की, रचना ठाऊक असताना वर्तन सांगणे हे उतारावरून जाण्यासारखे सोपे, तर वर्तन पाहून रचना ओळखणे हे चढ चढण्यासारखे कष्टाचे असते; आणि बाहेरून पाहणारा रचनेची गुंतागुंत आहे त्याहून जास्त कल्पितो. मात्र या निष्कर्षाचा दुहेरी उपयोग करावा लागतो. प्राण्यांचे सर्व वर्तन असेच दोन तारांत मावते, असे त्यातून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की, केवळ वर्तन हेतूपूर्ण दिसते म्हणून आत हेतू आहे, असे म्हणता येत नाही. ही सावधगिरी आज माणसासारखे बोलणाऱ्या व लिहिणाऱ्या यंत्रांच्या बाबतीतही आवश्यक ठरते.

सूक्ष्मनियंत्रकाचा वापर : वरील यंत्रमानवाला स्मृती नसते. आज ठेचाळलेल्या जागी तो उद्याही ठेचाळतो. स्मृती व क्रमवार आज्ञा यांसाठी डोळा व चलित्र यांच्या मध्ये सूक्ष्मनियंत्रक बसवितात. इटलीतील इव्हरिया येथे २००५ मध्ये तयार झालेल्या आर्डुइनो या स्वस्त पाटीमुळे हे काम विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आले. सूक्ष्मनियंत्रक चलित्राचा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा चालूबंद करतो व चालू अवस्थेचा काळ कमीजास्त करून वेग बदलतो. प्रवाहाची दिशा बदलण्यासाठी चार कळींचे मंडल वापरतात, त्यामुळे यंत्राला मागेही जाता येते. वर दिलेल्या चारही जोडण्या मग तारांना हात न लावता केवळ आज्ञावलीत बदल करून मिळविता येतात. ही मोठी सोय असली, तरी तिच्यामुळे कारण व परिणाम यांतील दुवा दृष्टीआड होतो. म्हणून प्रथम तारांचे यंत्र व नंतर आज्ञावलीचे यंत्र हा क्रम शिक्षणाच्या दृष्टीने हितकर असतो.

शैक्षणिक महत्त्व : भारतात अटल नवप्रवर्तन अभियानाखाली २०१६ पासून शाळांत प्रयोगशाळा स्थापन करण्यात आल्या व त्यांतून यंत्रमानवांचे संच अनेक विद्यार्थ्यांच्या हाती आले. तयार संच मात्र अनिवार्य नाहीत. पुण्यातील आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता व त्यांचे सहकारी यांनी टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी करण्याची पद्धत रुजविली. तारेचे वेटोळे, चुंबक, घट व दोन सेफ्टी पिना यांपासून करावयाचे चलित्र हे त्यांतील एक परिचित उदाहरण होय. ज्या विद्यार्थ्याने असे चलित्र स्वतः फिरविले आहे, त्याला यंत्रमानवाच्या पेटीतील चलित्र गूढ वाटत नाही.

या खेळण्याची तत्त्वे खेळण्यापुरती मर्यादित नाहीत. दोन चालक चाकांच्या वेगांतील फरकाने वळण्याची पद्धत चाकांच्या खुर्चीत व गोदामांतील मालवाहू यंत्रांत आढळते. अमेरिकेत २००२ मध्ये विक्रीस आलेले रूंबा हे केर काढणारे यंत्रही याच रीतीने वळते व त्याची सुरुवातीची आवृत्ती घराचा नकाशा न बाळगता, अडथळ्याला टेकून दिशा बदलत खोली झाडीत असे. तरीही या खेळण्याचे खरे मोल उपयुक्ततेत नाही. स्वतः जोडलेल्या दोन तारांमुळे यंत्र दिव्याकडे धावू लागले व ते ‘रागावले’ असे उद्गार शेजारच्या व्यक्तीच्या तोंडून निघाले म्हणजे बांधणाऱ्याला घटना व तिचे स्पष्टीकरण यांतील फरक एका क्षणात कळतो. विज्ञानाच्या शिक्षणात हा फरक कळणे हा महत्त्वाचा टप्पा असतो.